हाकेला ओ

"वर घेतोऽऽ."

आवाज सातव्या मजल्यावरून निघायचा आणि अंधाऱ्या उभ्या पोकळीतून घरंगळत खाली यायचा. तळमजल्यावर हत्यारांच्या पेटीवर एक सहा वर्षांची पोर पाय हलवत बसलेली असायची, तिच्या ओंजळीत तो येऊन पडायचा. तेवढ्यात मधूनच कुठून तरी दुसरा आवाज त्याला झेलायचा.

"वर घेऽऽ. हात आत, पाय आत."

पहिला पुन्हा म्हणायचा, "घेतोऽऽ." मग दोर कुरकुरायचे आणि लिफ्टचा डबा हलायचा. त्याआधी नाही.

पहिला आवाज शिट्टीकाकांचा, दुसरा तिच्या बाबांचा. दोघं लिफ्टदुरुस्तीतले जोडीदार. काका सगळ्यात वर मशीनरूममध्ये, बाबा डब्याच्या छपरावर उभे राहून रुळांना ग्रीस लावणारे. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, मधे असायचा फक्त आवाज. म्हणून त्यांचा एक नियम होता. वरच्यानं हाक द्यायची, खालच्यानं ती जशीच्या तशी परत करायची, आणि आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय वरच्यानं कशालाही हात लावायचा नाही. याला ते परतबोल म्हणायचे. नव्या पोरांना परतबोल शिकवायचं काम बाबांकडे होतं, म्हणून अख्खी कंपनी त्यांना मास्तर म्हणायची. पोरांच्या डोक्यात राहावं म्हणून त्यांनी एक ओवीही जुळवली होती:

माझा बोल तुझ्या ओठी, तुझा बोल माझ्या कानी;
तोवर दोर हलू नये, दोघं उभे एक्या ध्यानी.

काकांना शिट्टीकाका म्हणायचं कारण सरळ होतं. हात चालू असले की ओठांवर शिट्टी चालू. शिट्टी थांबली की खाली कळायचं, आता हाक येणार.

घरीही तोच खेळ चालायचा. न्हाणीघरात बाबा तांब्या उचलून गंभीरपणे सांगायचे, "डोक्यावर पाणी घालतोऽऽ." मग पोरीनं ओरडायचं, "पाणी घालाऽऽ. डोळे मिटले, तोंड मिटलं." मिटलेल्या तोंडानं ही ओरडते कशी, असं आई बाहेरून विचारायची.

ती चौथीत असताना बाबांचा डावा पाय गेला. म्हणजे पाय राहिला, पण त्यातलं चालणं गेलं. घरात त्याला 'तो अपघात' एवढंच म्हणायचे. शिट्टीकाका घरी यायचे थांबले. बाबा पुढची वीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसले. आणि न्हाणीघरातला खेळ कधी बंद पडला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुलगी मोठी होतेय, एवढं कारण सगळ्यांना पुरलं.

आता ती पस्तिशीची झाली होती. घरात आणि घराबाहेर जुनी माणसं अजून तिला चिमणीच म्हणत, पण ऑफिसात ती ऑनलाइन कोर्स बनवणारी मॅडम होती. बेकरीच्या वरच्या मजल्यावर पाच जणांचं ऑफिस. दुपारी चारला जिन्यातून पावाचा वास वर यायचा आणि पाचही जणांची कामं दहा मिनिटं मंदावायची. कुणाला आग विझवायचं शिकवायचं असो, कुणाला गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, हे लोक त्याचा कोर्स करून द्यायचे, मोबाइलवर बघण्यासारखा. यावेळी काम आलं होतं लिफ्ट कंपनीकडून. तीच कंपनी, बाबांची. सहाशे मेकॅनिक, गावोगावी विखुरलेले. सगळ्यांना सुरक्षेचा कोर्स.

कंपनीच्या ट्रेनिंगच्या बाई स्वतः आल्या होत्या. चष्मा डोक्यावर, पेन केसांत, आणि दोन्ही शोधण्यात बैठकीचा निम्मा वेळ.

"मला शुक्रवारपर्यंत एकच सांगा," त्या म्हणाल्या. "किती इंटरॅक्टिव्ह करायचा?"

ऑफिसात या प्रश्नाची तीन घरगुती उत्तरं ठरलेली होती. पहिलं 'पाटी': वाचा आणि पुढे जा. दुसरं 'भातुकली': हे उचला, तिथे ठेवा, जोड्या लावा, बरोबर झालं की टिंग वाजतं. तिसरं 'सर्कस': चालतीबोलती चित्रं, गुण, पदकं, हरलात तर पुन्हा खेळा.

"सर्कस करू," ॲनिमेशनवाला म्हणाला. तो नेहमीच म्हणायचा. "मी अख्खी लिफ्ट उभी करतो. माणूस चुकला की धाडकन खाली."

"माझी माणसं जेवणाच्या सुट्टीत कोर्स करणार," बाई म्हणाल्या. "एका हातात घास, दुसऱ्या हातात मोबाइल. पंधरा मिनिटांत आटपलं पाहिजे. पण कंटाळवाणंही नको. मागचा कोर्स पाटीछाप होता. लोक नुसते 'पुढे, पुढे' दाबत होते. एकानं तर बायकोकडून करून घेतला. ती पास झाली."

"मग तिलाच कामावर घ्यायचं," ॲनिमेशनवाला म्हणाला.

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "गेल्या दोन वर्षांत तीन जण जायबंदी झालेत. तिघंही त्या कोर्सात पास होते. मला पास झालेली माणसं नकोत, धड घरी परतलेली हवीत."

जाताना त्या एक जाडजूड फाइल ठेवून गेल्या. जुन्या अपघातांचे अहवाल, नावं काळ्या शाईनं खोडलेली. "यातला एखादा प्रसंग घाला. खऱ्या गोष्टीनं माणूस थबकतो."

चार दिवसांत तिनं नमुना तयार केला. भातुकलीच, पण जरा नटवलेली. अठरा पडदे. हेल्मेट उचलून डोक्यावर ठेवा, चुकीचं बटण ओळखा. बाराव्या पडद्यावर फाइलमधला एक प्रसंग. बारा पानांचा अहवाल होता. तिनं शेवटचा निष्कर्ष पाहिला, त्याच्या तीन ओळी केल्या आणि खाली प्रश्न टाकला: चूक कोणाची? अ, डब्याच्या छपरावरच्या माणसाची. ब, मशीनरूममधल्या माणसाची. उत्तर ब.

बुधवारी संध्याकाळी ती टॅब घेऊन आईबाबांकडे गेली. तीस वर्षं लिफ्टबरोबर काढलेला माणूस घरात असताना परीक्षक बाहेर कशाला शोधायचा?

बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, डावा पाय स्टुलावर. सत्तरी उलटली तरी बोटं अजून जाडजूड, ग्रीसच्या रेघा मुरलेली. त्यांनी टॅब हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला.

"दाबायचं कुठं?"

"जिथं हिरवं दिसेल तिथं. वाचून दाबा हं, बाबा."

"हो हो."

ती आईबरोबर गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढायला गेली. परत आली तेव्हा टॅब टेबलावर पालथा होता.

"झालं," बाबा म्हणाले. "पास."

"कसा वाटला?"

"चांगलाय. बटणं मोठी आहेत."

आईनं चादरीची घडी घालता घालता कौल दिला. "वाचलं नसणार. माझ्याशी चाळीस वर्षं हेच चाललंय. परवा मी मुद्दाम विचारलं, अहो, घर विकून सर्कशीत जाऊ का? म्हणाले, हो हो."

"सर्कशीत काय वाईट आहे," बाबा म्हणाले. पण त्यांचं लक्ष बोलण्यात नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसात तिनं टॅबमधली नोंद उघडली. कोर्स बनवणाऱ्यांना दिसते आणि कोर्स करणाऱ्यांच्या गावीही नसते, अशी एक गोष्ट असते: कोण कुठल्या पडद्यावर किती वेळ थांबलं. पहिला पडदा, तीन सेकंद. दुसरा, दोन. हेल्मेटचा, पाच. आई म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. बाबांनी एक अक्षरही न वाचता हिरव्यामागून हिरवं दाबलं होतं आणि तिच्या नटवलेल्या भातुकलीनं त्यांना प्रत्येक वेळी टिंग वाजवून शाबासकी दिली होती. म्हणजे हिचे अठरा पडदे हाका मारत होते आणि पलीकडून नुसती ओ येत होती. ऐकल्यावाचून दिलेली.

ती नोंद बंद करणार, एवढ्यात तिला बारावी ओळ दिसली.

अकरा मिनिटं, चाळीस सेकंद. उत्तर: दिलेलं नाही.

तिला वाटलं, टॅब ठेवून पाणी प्यायला गेले असतील. पण नोंदीत तेही दिसत होतं. त्या अकरा मिनिटांत पडदा तीनदा विझला होता आणि तीनदा कुणीतरी बोट लावून तो पुन्हा उजळला होता.

तिनं फाइल काढली. तोच अहवाल, पहिल्या पानापासून. यावेळी एकेक ओळ वाचली. सात मजली इमारत. महिना आणि साल, ती चौथीत होती ते. जखम डाव्या पायाला. मशीनरूममधल्या कर्मचाऱ्यानं हाक न देता डबा वर घेतला, असा निष्कर्ष. त्याला कामावरून कमी केलं, असा शेवट. मधे दोन जबाब. जखमी कर्मचारी म्हणतो: मला हाक ऐकू आली नाही. दुसरा कर्मचारी म्हणतो: मला आठवत नाही.

मला आठवत नाही. शिट्टीकाका. ज्यांना कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावरचं दार अडतं हे डोळे मिटून सांगता यायचं ते.

वाईट तिला दोन गोष्टींचं वाटत होतं. एक म्हणजे बारा पानं आपण न वाचता तीन ओळींत गुंडाळली. बाबांनी नुसतं बटण दाबलं म्हणून आपण हसलो, आणि आपण तरी काय वेगळं केलं? दुसरी गोष्ट जड होती. हा कोर्स असाच गेला तर सहाशे माणसं बाराव्या पडद्यावर येऊन 'ब' दाबणार होती. शिट्टीकाकांच्या नावावर सहाशे वेळा टिंग वाजणार होतं. आणि ते बरोबर नसेल तर? सांगू शकणारा माणूस अकरा मिनिटं पडद्यासमोर बसून उठला होता.

विचारावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण बापाला काही प्रश्न विचारता येत नाहीत. त्याच्यासमोर नुसतं जाऊन बसता येतं.

"बाबा," त्या संध्याकाळी ती म्हणाली, "नवीन पोरांना तुम्ही परतबोल शिकवायचात तो कसा? मला शिकवा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर चादरीच्या घडीवर ठेवली.

"बसून नाही शिकवता येत," ते शेवटी म्हणाले. "तू गच्चीत जा. दार लावून घे. मी न्हाणीघरात. तोंड दिसायला नको."

आईनं कपाळावर हात मारला. शेजारचे काय म्हणतील, असंही म्हणाली. पण गॅस बारीक करून ऐकायला उभी राहिली.

"खाली घेतोऽऽ," न्हाणीघरातून आलं. फरशीवर आपटून, घुमून, थोडं ओलं होऊन.

"खाली घेऽऽ. हात आत, पाय आत," ती म्हणाली. दुसऱ्यांदा खाली. तिसऱ्यांदा खाली. सहाव्यांदा, सातव्यांदा, पुन्हा खाली. जीभ आपली आपण चालायला लागली.

"वर घेतोऽऽ."

"खाली घेऽऽ," ती म्हणाली आणि जीभ चावली.

न्हाणीघराचं दार उघडलं. बाबा काठी टेकत बाहेर आले. "बघितलंस? सगळ्यांचं इथंच होतं. सकाळपासून खाली, खाली, खाली. मग कान झोपतो आणि तोंड एकटंच काम करतं. म्हणून मी मुद्दाम मधेच हाक बदलायचो. जो चुकला, त्याला सातव्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढवायचो." ते हसले, मग हसू हळूहळू उतरलं. "चांगली चालणारी जोडी असली की जास्त धोका. परतबोल आखडत आखडत नुसत्या 'ओ'वर येतो. वरचा म्हणतो घेतो, खालचा म्हणतो ओ. वेळ वाचतो."

"आणि मग?"

"मग काय," बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला. बोलणं तिथं संपलं. पण तिला तिचा कोर्स सापडला होता.

शुक्रवारी ट्रेनिंगच्या बाईंसमोर तिनं एकच कागद ठेवला.

"एक बटण आणि दोन माणसं," ती म्हणाली. "बाकी सगळी टिंगटिंग काढून टाकली. दोन मेकॅनिकनी दोन मोबाइल घ्यायचे, दोन खोल्यांत बसायचं. एकाच्या पडद्यावर हाक येईल, ती त्यानं मोठ्यानं द्यायची. दुसऱ्यानं ती परत बोलायची. पहिल्याला आपलाच शब्द परत ऐकू आला तर त्यानं बटण दाबायचं. नाही आला तर पडदा हलणार नाही. आणि मधेच कधीतरी हाक बदलेल."

ॲनिमेशनवाल्याचा चेहरा सर्कस गाव सोडून गेल्यासारखा झाला. "म्हणजे चित्रं नाहीतच?"

"हेल्मेटचं तुझंच ठेवलंय."

बाईंनी पेन शोधलं, केसांत सापडलं. "एकाच वेळी दोन माणसं मोकळी कशी मिळणार? वेळापत्रक बसवताना माझा जीव जाईल."

"शाफ्टमध्ये कधी एकटा माणूस उतरतो का, बाई?"

"छे. नियमच नाही तसा."

"मग कोर्स एकट्यानं का करायचा?"

बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि कागद पुन्हा वाचला. वाचला, हे तिनं नीट बघितलं. "पंधरा मिनिटांत होईल?"

"वीस लागतील."

"वीस चालतील," बाई म्हणाल्या. "आणि तो खरा प्रसंग? बाराव्या पडद्याचा?"

"त्याला थोडे दिवस द्या. उत्तर तपासून घेतेय."

आता हवे होते आवाज. हाक कशी द्यायची, परतबोल कसा करायचा, हे सुरुवातीला ऐकवायला दोन खरे आवाज. बाबा ऐकून म्हणाले, "माझ्या एकट्याचा आवाज काय कामाचा?"

"दुसरा कुणाचा घेऊ? ऑफिसातल्या कुणाचा?"

बाबा काठीची मूठ अंगठ्यानं घासत बसले. आईची पळी भांड्यात थांबली. "दुसऱ्या कुणाच्या हाकेला मी काय ओ देणार," बाबा म्हणाले. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

शिट्टीकाकांचं आता किल्ल्या बनवायचं दुकान होतं, एका जिन्याखाली, माणूस उभा राहिला तर डोकं पायरीला लागेल असं. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. यंत्रावर पितळ घासल्याचा आवाज. शिट्टी नाही.

"हरवली की मोडली?" वर न बघता प्रश्न आला.

"दोन्ही नाही. चिमणी आहे मी, काका."

यंत्र थांबलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. केस सगळे पांढरे, भुवया मात्र अजून काळ्या. "वाढलीस," ते म्हणाले. "पेटीवर मावशील का आता?"

तिनं सगळं सांगितलं. कोर्स, परतबोल, दोन मोबाइल. काका ऐकत होते आणि हातातल्या किल्लीचे दात बोटानं चाचपत होते.

"त्या कंपनीला माझा आवाज नको झाला होता, चिमणे. म्हणून तर इथं पितळ घासतोय."

"कंपनीला नाही. मला हवाय."

"आणि मास्तरला?"

"त्यांनीच विषय काढला."

"काय म्हणाला? जसंच्या तसं सांग."

ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या हाकेला मी काय ओ देणार."

काकांनी किल्लीवर फुंकर मारली. पितळेची भुकटी उन्हात उडाली आणि हळूहळू खाली बसली. "अजून काही?"

"नाही."

"अर्धीच हाक आहे ही." ते यंत्राकडे वळले, पण सुरू केलं नाही.

तिला राहवलं नाही. "काका, तुम्हाला खरंच आठवत नाही? तो दिवस?"

"लोकांच्या घरांच्या किल्ल्या माझ्या हातून जातात," काका म्हणाले. "जोड बनवता येते म्हणून कुणाचं दार उघडायचं नसतं. ज्याचं घर, त्यानं उघडावं." मग जरा वेळानं, "कधी यायचं?"

रेकॉर्डिंगला तिनं सुट्टीचा दिवस निवडला. इमारत रिकामी, बेकरी बंद. लिफ्टच्या शाफ्टसारखं घुमायला काय मिळणार, म्हणून तिनं जिनाच घेतला. चार मजले, मधे उभी मोकळी जागा, कठड्याशी कठडा. बाबांना तळाशी खुर्ची दिली, पायाला स्टूल. काका मागच्या दारानं आले आणि सरळ वर चढून गेले. वर जाताना पायऱ्यांवर त्यांचे बूट वाजले तेवढेच. खाली बाबांची मान त्या आवाजाबरोबर एकेक मजला वर सरकत गेली. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही. ती मधल्या मजल्यावर, कानांवर हेडफोन, पायाशी यंत्र, वर आणि खाली एकेक माइक.

"तयार?" तिनं वर विचारलं.

उत्तर म्हणून वरून शिट्टी आली. आधी नुसती हवा, मग सूर. बाबांनी काठी घट्ट धरली. शिट्टी थांबली.

"खाली घेतोऽऽ."

"खाली घेऽऽ. हात आत, पाय आत."

"घेतोऽऽ."

जुन्या डब्याला जुनं झाकण बसावं तसं बसलं. सव्वीस वर्षांत आवाज खरखरीत झाले होते, पण मधलं अंतर तेच होतं: हाक संपायची, एक श्वास जायचा, मग परतबोल. घाई नाही. तिनं चार वेळा घेतलं, पाच वेळा घेतलं. सगळं खाली, खाली. कागदावर पुढे बदललेली हाक लिहिली होती. तिच्या खाली तिनं बाराव्या पडद्यासाठी जागा कोरी सोडली होती.

"वर घेतोऽऽ," काका म्हणाले.

एक श्वास गेला. दुसरा गेला. खालून काही आलं नाही.

हेडफोनमध्ये तिला बाबांचा श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं, खाली धावावं. मग तिला पेटीवर बसलेली पोर आठवली. हाकेला उत्तर नसेल तर कुणी हलायचं नसतं. तिनं यंत्र बंद केलं नाही. वर काकांनीही पुन्हा हाक दिली नाही, ऐकलंस का असं विचारलं नाही, खाकरलेसुद्धा नाहीत. ते फक्त थांबले, जसं थांबायचं असतं तसं. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली आणि तो आवाजही जिन्यात येऊन, थोडं घुटमळून, निघून गेला.

"हाक आली होती," बाबा म्हणाले.

हाक देण्याचा आवाज नव्हता तो. तरी चार मजले चढून गेला.

"त्या दिवशी. तू म्हणालास, वर घेतो. मी म्हणालो, ओ. न ऐकताच म्हणालो, सवयीनं. पाय बाहेर होता माझा." ते थांबले. "साहेब दवाखान्यात आले, विचारायला लागले. शंभर पोरांना शिकवलेला माणूस मी. कुठल्या तोंडानं सांगू? म्हणालो, हाक ऐकू आली नाही. तुला काढलं तेव्हाही तोंड उघडलं नाही. चूक माझी होती रे. कोर्समध्ये घाल म्हणावं पोरीला. 'अ' बरोबर आहे."

एक श्वास गेला. मग वरून, हळूहळू, एकही शब्द न गाळता, काकांचा आवाज खाली उतरू लागला.

"हाक आली होती. तू म्हणालास ओ. न ऐकता म्हणालास. पाय बाहेर होता." थोडं थांबून, स्वतःचं म्हणून, "आणि नुसत्या ओवर मी डबा हलवला. परतबोल मागितला नाही. तुझी पोर चौथीत होती, माझ्यामागे रडायला कुणी नव्हतं, म्हणून साहेबांना म्हणालो, आठवत नाही. सगळं आठवतं मला, मास्तर. पहिल्या दिवसापासून."